स्वस्त-महाग नंतर, आधी टोपली मोजा : खानदेशातून सुरतला जाताना घरखर्चाचा खरा हिशोब

या भागाच्या व्हिडिओत आपण परराज्यात धंदा हलवण्याबद्दल बोललो. व्हिडिओत आकडे भराभर येतात, म्हणून इथे सगळं सावकाश मांडतोय. वही-पेन घेऊन बसा.

उदाहरण मुद्दाम जळगाव-धुळे-नंदुरबारकडून सुरतला जाणाऱ्यांचं घेतलं आहे. सुरत-भुसावळ रेल्वेमुळे ही वाट जुनी आहे. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यामुळे "तिकडे कसं काय?" हे विचारायला प्रत्येकाचा कोणी ना कोणी पाहुणा असतोच. पाहुणा सांगतो, "पेट्रोल स्वस्त, काम भरपूर, ये बिनधास्त." त्याचं खोटं नसतं. पण तो एकेका वस्तूचा भाव सांगतो आणि आपल्याला लागतो महिन्याचा खर्च.

हे दोन वेगळे आहेत. म्हणून खर्चाचे चार कप्पे करू.

कप्पा १ : जे दोन्हीकडे सारखंच आहे

साबण, टूथपेस्ट, बिस्किटं, चहाची पुडी. पाकिटावर एमआरपी छापलेली असते आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटीचे दरही देशभर एकच आहेत. मोबाईलचं रिचार्जही साधारण तसंच. यावर वेळ घालवू नका, जुनाच आकडा पुढे लिहा.

कप्पा २ : राज्य बदललं की बदलतं

पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही, त्यावर प्रत्येक राज्याचा वेगळा व्हॅट आहे. गेली काही वर्षं गुजरातमध्ये पेट्रोल आपल्यापेक्षा लिटरमागे साधारण आठ-दहा रुपयांनी स्वस्त आहे. पण लिटर किती लागणार? गावात दुकान घरापासून दोन मिनिटांवर असतं, शहरात रोजचं येणं-जाणं वाढतं. समजा गावात महिन्याला १४ लिटर, १०५ रुपयांनी : १,४७० रुपये. सुरतला २० लिटर, ९५ रुपयांनी : १,९०० रुपये. भाव उतरला, खर्च चढला!

विजेचंही तसंच. महावितरणचं बिल दर महिन्याला येतं, गुजरातमध्ये घरगुती बिल बहुतेक ठिकाणी दोन महिन्यांचं असतं. पाहुण्याने "दोन हजार बिल येतं" म्हटलं, तर विचारा, किती महिन्यांचं आणि किती युनिटचं?

आता व्यवसाय कर. महाराष्ट्रात महिलेचा पगार २५,००० पर्यंत असेल तर हा कर लागत नाही. गुजरातमध्ये १२,००० च्या वर पगार गेला की महिन्याला २०० रुपये, स्त्री असो वा पुरुष. म्हणजे १८,००० पगाराच्या ताईंना इकडे शून्य, तिकडे वर्षाला २,४०० रुपये. रक्कम छोटी आहे, पण वहीत हवी.

गाडी सोबत नेणार असाल तर मोटार वाहन कायद्यानुसार १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ती दुसऱ्या राज्यात ठेवल्यास तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. आधी आपल्या आरटीओची एनओसी, मग तिकडचा रोड टॅक्स. इकडे भरलेल्या करातला उरलेल्या वर्षांचा भाग परत मागता येतो. तो अर्ज बहुतेक जण करतच नाहीत, तुम्ही करा.

कप्पा ३ : गावात ज्याचे पैसेच द्यावे लागत नव्हते

खरी फसगत इथे होते, म्हणून हा कप्पा सर्वांत नीट भरा. घर स्वतःचं होतं, भाडं नव्हतं. ज्वारी-बाजरी शेतातली, कळण्याच्या भाकरीचं पीठ घरचं, वांगी शेजारच्या मळ्यातली. लेकरं आजीजवळ राहायची. किराणावाला ओळखीचा, पैसे महिनाअखेरीला. यातलं काहीच खर्चाच्या वहीत नव्हतं, कारण पैसे मोजलेच नव्हते. शहरात या प्रत्येकाला दर लागतो. आणि आखाजीला, लग्नाकार्याला गावी जाणं-येणं हा तर नवाच खर्च.

याच कप्प्यात सुटणारे लाभही लिहा. लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये महाराष्ट्रात राहणाऱ्या महिलांसाठी आहेत. एसटीतलं महिलांचं अर्धं तिकीटही गुजरातच्या बसमध्ये चालत नाही. उलट काही गोष्टी सोबत येतात : राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखालचं रेशन 'एक देश एक रेशनकार्ड'मुळे तिकडच्या दुकानातही मिळतं, आणि आयुष्मान कार्ड देशभरातल्या जोडलेल्या रुग्णालयांत चालतं.

मुलांची शाळा? सुरत महापालिकेच्या शाळा मराठी माध्यमातही आहेत, हा मोठा आधार. २०२३ च्या कायद्याने गुजरातमधल्या शाळांत पहिली ते आठवी गुजराती विषय सक्तीचा आहे, त्याची तयारी ठेवा. मूल आठवी-नववीत असेल आणि डॉक्टर व्हायचं मनात असेल तर जरा थांबा. महाराष्ट्रातल्या मेडिकलच्या राज्य कोट्यासाठी, मोजके अपवाद सोडले तर, रहिवास दाखल्यासोबत दहावी-बारावीही महाराष्ट्रातून लागते.

कप्पा ४ : एकदाच होणारा खर्च

टेम्पो, दलाली, गाडीची नोंदणी, शाळाप्रवेश. याची बेरीज करून २४ महिन्यांवर वाटा. घराचं डिपॉझिट मात्र यात धरू नका. तो खर्च नाही, ते अडकलेलं भांडवल आहे. पण तेवढी रक्कम मालाला वापरता येणार नाही, हे ध्यानात असू द्या.

आता बेरीज

समजा धुळ्याजवळच्या गावातलं चौघांचं कुटुंब आहे, फरसाणचा धंदा. आकडे समजण्यापुरते मानलेले आहेत, तुमचे तुम्ही भरा.

- किराणा-धान्य : गावात ४,५००, सुरतला ६,५००
- दूध-भाजी : २,५००, तिकडे ३,२००
- घरभाडं : ०, तिकडे ७,०००
- वीज-गॅस : १,८००, तिकडे २,०००
- पेट्रोल : १,४७०, तिकडे १,९००
- शाळा : १,५००, तिकडे १,८००
- गावी जाणं-येणं : ०, तिकडे १,५००
- मोबाईल, औषधं, इतर : २,२३०, तिकडे २,६००

गावात एकूण १४,०००. सुरतला २६,५००. फरक १२,५००. त्यात बंद झालेले १,५०० आणि एकदाच्या खर्चाचा मासिक वाटा १,५०० (३६,००० भागिले २४) मिळवा. झाले १५,५०० रुपये.

आता धंदेवाईक प्रश्न : हे १५,५०० कुठून येणार? दुकानभाडं, पगार, सगळं जाऊन विक्रीतले २० टक्के हातात उरत असतील, तर १५,५०० साठी ७७,५०० ची विक्री लागते. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज साधारण ३,००० रुपयांची जादा विक्री. तीही पुढे जाण्यासाठी नाही हं, आज आहात तिथेच राहण्यासाठी!

मग जायचंच नाही का? तसं अजिबात नाही. सुरतसारख्या गावात रोज तीन हजार जादा विकणं फरसाणवाल्याला अशक्य नाही. फक्त हा आकडा टेम्पो भरायच्या आधी माहीत हवा, सहा महिन्यांनी उधारी झाल्यावर नको.

धंद्याचे चार कागद, जे घरखर्चात घुसतात

१. जीएसटी नोंदणी राज्यनिहाय असते. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, गुजरातचा २४ ने. राज्य बदललं की नवीन नोंदणी घ्यावी लागते. जुन्या खात्यातलं शिल्लक इनपुट क्रेडिट नुसतं उचलून नव्या राज्यात नेता येत नाही. म्हणून माल आणि क्रेडिट आधी कमी करा, मग निघा. सीएंशी बोलूनच.

२. महाराष्ट्रातली व्यवसाय कराची नोंदणी रद्द करा, नाहीतर वर्षाला २,५०० रुपये चढत राहतात.

३. खाद्यपदार्थ असतील तर नव्या जागेसाठी एफएसएसएआयची नवी नोंदणी.

४. उद्यम नोंदणी नवी लागत नाही, त्यात पत्ता बदलून घ्या.

आणखी एक. दिवाळीनंतर लाभपंचमीपर्यंत सुरतचा बाजार थंड असतो, कारागीर गावी जातात. घरभाडं मात्र थांबत नाही. म्हणून निघण्याआधी किमान तीन महिन्यांचा सुरतचा घरखर्च वेगळा काढून ठेवा. वरच्या हिशोबात तो ७९,५०० होतो, गावच्या दराने ४२,००० नव्हे.

गृहपाठ

- मागच्या तीन महिन्यांचा घरखर्च चार कप्प्यांत लिहा. तिसरा कप्पा घरातल्या बाईमाणसासोबत बसून भरा, तिला जास्त माहीत असतं.
- पाहुण्याला भाव विचारू नका, त्याच्या घरचा महिन्याचा एकूण खर्च विचारा.
- फरक भागिले तुमच्या नफ्याचा टक्का. आलेली रक्कम २६ ने भागा आणि तो रोजचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

तो आकडा बघून झोप लागत असेल, तर खुशाल निघा. पुढच्या भागात नव्या गावात पहिल्या ९० दिवसांत गिऱ्हाईक कसं जोडायचं ते बघू.