जुन्या जीपच्या रेडिएटरमधील गाळ

बैलाला तहान लागली की तो हंबरतो. जीप हंबरत नाही. टोमॅटो उतरवून कल्याणच्या बाजारातून परतताना माळशेज घाटाच्या चढणीवर ती एकदम वाफ सोडते, आणि तोपर्यंत इंजिनाचे हेड वाकलेले असते. अशा वेळी चूक चढणीची नसते. वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये नुसते बोअरचे पाणी ओतले जाते, त्याचा हा परिणाम असतो.

आपल्याकडील बहुतेक विहिरी व बोअरचे पाणी क्षारयुक्त आहे. आंघोळीच्या बंबात आतून जसा पांढरा थर चढतो, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत व इंजिनाच्या पाणपोकळीत चढतो. बिडाचे इंजिन गंजते, त्याचा तांबूस चिखल त्यात मिसळतो. शिवाय गळती थांबावी म्हणून कोणीतरी कधी मूठभर हळद टाकलेली असतेच. वाटेत अडलेल्या गाडीला हळद घरापर्यंत पोहोचवते हे खरे, पण ती नंतर काढून टाकायची असते हे कोणी लक्षात ठेवत नाही.

इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढून आत बोट फिरवून पाहावे. तांबूस गाळ असेल तर गंज, पांढरट खरपुडी असेल तर क्षार. या दोहोंचा इलाज घरी होतो. परंतु दुधाळ, लोण्यासारखा चिकट थर दिसला तर पाण्यात ऑईल आले आहे असे समजावे. ऑईल तपासण्याची पट्टी ओढून पाहावी. तीही दुधाळ असेल तर धुणे बाजूला ठेवावे, इंजिन चालू करू नये आणि मिस्त्रीला बोलवावे. हेडचे गॅसकेट गेले असण्याचा संभव असतो व तेथे कितीही धुतले तरी उपयोग नाही.

गरम इंजिनाचे झाकण मात्र कधीही उघडू नये. झाकणामुळे आतील पाणी दाबाखाली असते, म्हणून ते शंभर अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. झाकण फिरवताच दाब जातो आणि ते क्षणात तोंडावर उसळते.

रेडिएटरच्या तळाची तोटी व इंजिन ब्लॉकवरील बूच, दोन्ही उघडून जुने पाणी घमेल्यात घ्यावे. नुसती तोटी उघडली तर निम्मा गाळ ब्लॉकमध्येच राहतो. तोटीतून काही येत नसेल तर तार घालून मोकळी करावी. मग स्वच्छ पाणी भरून, वरचा होजपाईप हाताला गरम लागेपर्यंत इंजिन चालवावे, थंड होऊ द्यावे आणि काढावे. नितळ पाणी येईपर्यंत हे पुन:पुन्हा करावे. दोन-तीनदा करून कंटाळा येतो, पण खरे काम चौथ्या-पाचव्या वेळी होते.

एवढ्याने थर सुटला नाही तर दर लिटर पाण्यास ५० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून भरावे, अर्धा तास इंजिन मंद गतीने चालवावे व थंड झाल्यावर काढून टाकावे. त्यानंतर साध्या पाण्याने निदान तीनदा धुवावे, कारण राहिलेले आम्ल पुढे धातू खाते. संडास धुण्याचे आम्ल वापरणारे काही जण भेटतात. त्याने थर लगेच जातो खरा, पण त्याबरोबर रेडिएटरचे डाग दिलेले सांधेही जातात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. फार जुन्या गाडीत गाळानेच बारीक छिद्रे बुजलेली असतात. धुतल्यावर रेडिएटर किंवा ब्लॉकच्या कडेच्या पत्र्याच्या वाट्या पाझरू लागल्या तर धुण्याला दोष देऊ नये. गळती होतीच, ती आता दिसली इतकेच. म्हणून हे काम हंगामाच्या तोंडावर न करता गाडी चार दिवस उभी राहू शकेल तेव्हाच काढावे. होजपाईप दाबून पाहावेत; भेगाळलेले वा लिबलिबीत झालेले बदलावेत. गाडी तापते म्हणून कोणी थर्मोस्टॅट काढून ठेवला असेल तर नवा बसवावा. त्याच्याविना इंजिन थंडच चालते, डिझेल जास्त पिते आणि लवकर झिजते.

भरताना बॅटरीत घालतो ते शुद्ध पाणी व कूलंट, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात मिसळावे. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असे विचारले जाते. त्यातील गंजरोधक द्रव्यासाठी ते हवे. निरनिराळ्या प्रकारची कूलंट एकत्र करू नयेत, कधी कधी त्यांचाच चिकट गाळ होतो. रंगावरून प्रकार ओळखता येत नाही, गाडीची पुस्तिका पाहावी. भरल्यावर झाकण उघडे ठेवून थंड इंजिन चालू करावे, बुडबुडे थांबेपर्यंत पातळी पुरी करत राहावे आणि मगच झाकण लावावे.

काढलेल्या पाण्यात पूर्वीचे कूलंट असेल तर ते घमेले क्षणभरही उघडे सोडू नये. त्यातील ग्लायकॉल चवीला गोड असते. कुत्रे, वासरू ते आवडीने पिते आणि मूत्रपिंडे निकामी होऊन दगावते. ते विहिरीजवळ वा गोठ्याच्या नालीत ओतू नये. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर ‘विष’ असे लिहून, जुने ऑईल घेणाऱ्या गॅरेजमध्ये घेतात का ते विचारावे. तोवर कॅन मुलांच्या हाती लागणार नाही असा उंचावर ठेवावा.