डोमेग्राम आणि स्थानवंदनाचा हेतू

गोदातीरीचे डोमेग्राम म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यातील आजचे कमालपूर. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींचे येथे अवस्थान झाले. लीळाचरित्राच्या उत्तरार्धातील अनेक लीळा याच गावीच्या आहेत. म्हणून भिक्षुक व वासनिक येथे येऊन दंडवत घालतात. या वंदनाविषयी अभ्यासकाच्या मनात उठणाऱ्या एका शंकेचा येथे विचार करू.

शंका : स्वामींनी संन्याशास अटन, विजन व भिक्षा हा आचार सांगितला, ग्रामाचा व स्थळाचा लोभ निषेधिला. मग ज्याने स्वतःचे गाव टाकले, त्याने दुसऱ्या गावच्या ओट्यापुढे मस्तक का ठेवावे?

समाधान : स्थान, प्रसाद, भिक्षुक व वासनिक हे चार साधनदाते होत. त्यांत स्थानाची थोरवी दगडमातीमुळे नाही, श्रीचरणांच्या संबंधामुळे आहे. आणि संबंध म्हणजे तेथे घडलेली लीळा. ती न आठवता केलेला नमस्कार केवळ देहाचा व्यापार ठरतो.

पूर्वजांचे आचरण पाहावे. स्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यावर भक्तजन ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी राहिले. म्हाइंभटांनी ज्याने जे पाहिले ते त्यालाच विचारून लीळा संग्रहिल्या. पुढे स्थानपोथी सिद्ध झाली. देऊळ गावाच्या कोणत्या दिशेस, त्याचे दार कोणीकडे, आसन कोठे, वसती कोठे, आरोगणा कोठे, हे तिच्यात गावोगाव नोंदविले आहे. एके ठायी राहणाऱ्यास अशा खुणा लागत नाहीत; त्या चालत येणाऱ्यास लागतात. म्हणजे स्थानपोथी ही अटन करणाऱ्यांचीच पोथी आहे. साधकाने यावे, लीळा आठवावी, वंदन करावे आणि पुढे निघावे. अशा वंदनाने स्थळाचा लोभ जडत नाही, स्मरण मात्र दृढ होते. शंकेचा परिहार येथेच होतो.

यातून आजचे एक कर्तव्य निघते. जीर्णोद्धार श्रद्धेनेच होतात. परंतु फरशी बसविताना जुना ओटा हलला, किंवा दोन ओटे एका चौथऱ्यात गेले, तर आसन कोणते व वसती कोणती हे पुढच्यांना कळणार नाही. खलजींच्या स्वारीच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी गेली, तरी ती पाठ असणारे होते, म्हणून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. हललेला ओटा कोणाच्या पाठावरून मांडावा?

यास्तव कामास हात घालण्यापूर्वी स्थानपोथीशी मेळ घालावा, वृद्ध महंतांस विचारावे, मोजमाप लिहून ठेवावे. वासनिकांनीही मुलांस ओटा दाखविताना त्याची लीळा सांगावी. नुसते ‘डोके टेक’ म्हणू नये.

दंडवत प्रणाम.