आधी खडक, मग विहीर

भूजलाच्या कामासाठी जयपूरला निघाली आहेस, तर पोरी, पहिल्यांदा दख्खनचा बसाल्ट डोक्यातून उतरवून ठेव. आपल्याकडे वर मुरूम, खाली मांजऱ्या, त्याखाली काळा पाषाण. पाणी कुठल्या थराला लागेल हे शेतकरीही सांगतो. तिथलं गणित निराळं. अरवलीचे डोंगर क्वार्ट्झाइटचे, अब्ज वर्षांहून जुने, आणि त्यांच्यामधल्या सपाटीत नद्यांनी आणलेला गाळ आणि वाऱ्याने आणलेली वाळू. डोंगरात पाणी फक्त भेगांत राहतं, सपाटीत वाळूच्या कणाकणांत. म्हणून कुठल्याही विहिरीचा आकडा वहीत लिहिण्याआधी विचार, ही विहीर कशात खोदली आहे? माझ्या वरिष्ठांनी मला हेच शिकवलं आणि पुढे जे शिकले ते याच प्रश्नाच्या मागून आलं.

नकाशा उघडण्याआधी जयगडावर जा. तिथे गडाची भिस्त टाक्यांवर आहे, उतारावरचं पावसाचं पाणी पाटांनी वळवून त्यांत साठवलेलं. एवढा कठीण दगड पाणी पटकन पोटात घेत नाही, हे बांधणाऱ्यांना पुरतं कळलं होतं. मग दुसऱ्या बाजूला गलत्याला जा. त्याच जातीच्या डोंगरातून तिथे झरा वाहतो आणि कुंडं भरतो. कारण तिथे भेगा एकमेकींना मिळतात आणि पाण्याला बाहेर पडायला वाट सापडते. या दोन जागा नीट पाहिल्यास की पुस्तकातलं अर्धं प्रकरण समजेल. होकायंत्र बरोबर ठेव आणि भेगांच्या दिशा मोजत जा. डोंगर संपून सपाटी सुरू होते तो पट्टाही सोडू नकोस. तिथे दगडगोटे आणि जाडी वाळू असते, डोंगरावरून धावत आलेलं पाणी तिथेच मुरतं. पुनर्भरणाचं काम करायचं तर तिथे करावं असं माझं ठाम मत आहे. दुर्दैवाने शहराचीही नजर त्याच पट्ट्यावर असते.

जुनी पातळी कागदांत मिळाली नाही तर विहिरीलाच विचार. चडस, म्हणजे आपली मोट, चालायची तिथे बैलांची उतरती धाव अजून कुठेकुठे शाबूत आहे. बैल जेवढे चालत तेवढाच दोर वर येई. ती धाव टेपने मोज, त्या काळी पाणी साधारण किती खोल होतं ते कळेल. पायऱ्यांच्या बावड्याही असंच बोलतात. दौसा जिल्ह्यातल्या आभानेरीची चांद बावडी तेरा मजले खाली उतरते. पाणी वर्षभरात कितीही खालीवर झालं तरी घागर बुडवायला पायरी हाताशी असावी, म्हणून एवढा खटाटोप. म्हाताऱ्या माणसांना विचार, तुमच्या लहानपणी मे महिन्यात पाणी कुठल्या पायरीला असायचं? उत्तर आलं की तिथल्या तिथे लिहून घे.

पातळी मोजताना टेपच्या टोकाला खडू चोळ. ओला झालेला भाग स्पष्ट दिसतो, वाद राहत नाही. मापाची खूण दर वेळी कठड्यावर एकाच जागी हवी. शेतीची वीज कधी येते ते आधी विचारून घे. पंप नुकताच थांबलेल्या विहिरीत आकडा खोल दिसतो, तो त्या विहिरीचा खरा आकडा नव्हे. मे आणि नोव्हेंबर, ही दोन मापं कधी चुकवू नकोस. खोलीचे आकडे समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत उतरवल्याशिवाय पाणी कुठून कुठे जातं हेही सांगू नकोस.

विद्युतरोधाच्या चाचणीत तर तुला आणखीच सावध राहावं लागेल. बसाल्टात रोध कमी आला की झिजलेला खडक, म्हणजे पाण्याची आशा, असं आपण धरतो. जयपूरच्या पश्चिमेला सांभर सरोवराच्या बाजूला गेलीस की कमी रोध म्हणजे खारं पाणीही असू शकतं आणि नुसती चिकणमातीही. उलट कोरडी वाळू इतका रोध दाखवते की खाली खडक आहे असं वाटावं. जवळच्या विहिरीच्या पाण्याची विद्युतवाहकता मोजल्याशिवाय बोअरची जागा कुणाला दाखवू नकोस. शेतकरी कर्ज काढून बोअर घेतो. सांभरला पाण्याला बाहेर जायला वाट नाही. ते तिथे आटतं, मीठ मागे राहतं. पाण्याचा तिकडे जाणारा उतार ध्यानात ठेवलास तर खारेपणाचा नकाशा अर्धा आपोआप उमगेल.

आता उपशाविषयी. 2023च्या मूल्यमापनात राजस्थानचा भूजल उपसा वर्षाला मिळू शकणाऱ्या पाण्याच्या सुमारे 149 टक्के निघाला. वाळूतलं हे पाणी पिढ्यानुपिढ्या साठलेली पुंजी आहे आणि व्याजाबरोबर मुद्दलही खर्च होतंय. जयपूरजवळचं रामगढ धरण जाऊन बघ. 1982च्या आशियाई खेळांतल्या नौकानयनाच्या स्पर्धा तिथे झाल्या होत्या. पुढे ते आटलं आणि जयपूर बनास नदीवरच्या बिसलपूरच्या पाण्यावर आलं. पाणलोटात काय काय बांधलं गेलं, भूजल किती खाली गेलं, हे दोन्ही एकत्र मांडल्याशिवाय त्या धरणाची गोष्ट पूर्ण होत नाही. मग दूदूकडच्या लापोडियाला जा. तिथे गायरानात जेमतेम नऊ इंच खोल चौके, म्हणजे चौकोनी खड्डे, करून पाणी एकातून दुसऱ्यात पसरवतात, पाणीही मुरतं आणि गवतही येतं. ते काम करणाऱ्या लक्ष्मण सिंह यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. अशा ठिकाणी नुसती वाखाणणी करून परतू नकोस, भोवतीच्या विहिरींची पातळी मागून घे.

पाण्याचा नमुना टाकीतून कधी घेऊ नकोस. पंप बराच वेळ चालू दे, बाटली त्याच पाण्याने विसळ. फ्लोराइडसाठी बाटली प्लॅस्टिकची, काचेची नको. फ्लोराइड लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर निघालं, तर अहवाल कार्यालयात देण्याआधी त्या गावी जा. हातपंपावर पाणी भरणारी जी बाई असेल तिला हिंदीत, सोप्या शब्दांत सांग की हे पाणी धुण्याभांड्यांना चालेल, मुलांना पाजू नका. गावात दुसरं गोडं पाणी कुठल्या विहिरीला आहे तेही तिला दाखवून ये. तुझ्या वहीत ते असणारच.