पहाटेची हवा आणि माझा रूम पार्टनर

‘पहाटेची हवा सगळ्यात शुद्ध’ हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. याच भरवशावर डिसेंबरात क्रॉसकंट्रीच्या तयारीसाठी मी आणि माझा रूम पार्टनर पहाटे साडेपाचला जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पळायला जायचो. चौथ्या दिवशी तो मोरीच्या कठड्यावर बसला. छातीतून शिट्टीसारखा आवाज. त्याला दमा आहे आणि पंप रूमवर राहिला होता. मी शहाणा तीन दिवस त्याला “स्टॅमिना वाढव” म्हणून टोचत होतो! पंप आणायला हॉस्टेलपर्यंत जेवढा जोरात पळालो, तेवढा पुढे स्पर्धेतही पळालो नाही.

तो सावरल्यावर मी हिशोब मांडला. बसल्या जागी मिनिटाला साधारण १४ श्वास, दर श्वासाला अर्धा लिटर. म्हणजे ७ लिटर हवा. जोरात पळताना ३५ श्वास, प्रत्येकी सुमारे २ लिटर. म्हणजे ७० लिटर. दहापट! ४० मिनिटांत २८०० लिटर. एवढी हवा बसून घ्यायची तर ६ तास ४० मिनिटे लागतील. शिवाय पळताना तोंड उघडं, त्यामुळे नाकाची गाळणी बायपास होते आणि २.५ मायक्रॉनहून बारीक कण थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. या कणांची २४ तासांची मर्यादा आपल्याकडे घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे; जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सांगितली. धुरातला कार्बन मोनॉक्साइड तर हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून घट्ट चिकटतो. म्हणजे पायांना ऑक्सिजन हवा, नेमकी तेव्हाच त्याची सीट अडवलेली. आणि दमेकऱ्याच्या श्वासनलिका थंड हवेनेही आवळतात, धुरानेही.

पण पहाटेच का? खोपोली बोरघाटाच्या पायथ्याशी. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा गार, जड होऊन खाली बसते आणि वर उबदार हवेचं झाकण पडतं. थर्मोच्या पेपरात लिहिलेलं अभिसरण इथे बंद! २००२ मध्ये एक्स्प्रेसवे पूर्ण झाला, तरी जुन्या रस्त्यावर लो गिअरमध्ये घुरघुरणारे ट्रक आहेतच. त्यांचा धूर, शेकोट्या, कारखान्यांची धुरांडी, सगळं त्या झाकणाखाली. ऊन तापलं की ते उघडतं. पावसाळ्यात हवा धुऊन निघते, पण तेव्हा इथे पळायचं की पोहायचं?

तोंडाला रुमाल बांधून फारसा उपयोग नाही. त्या कणांपुढे रुमालाची वीण म्हणजे क्रिकेटचं नेट. रस्त्यापासून दोन-तीनशे मीटर आत गेलं तर मात्र वाहनांच्या धुराचा जोर बराच कमी होतो. व्यायाम सोडायचा प्रश्नच नाही, डॉक्टरांनीही त्याला पळायला मनाई केलेली नाही. फक्त आधी पंप घे आणि सोबत ठेव, असं बजावलंय.

आता आम्ही ऊन आल्यावर आतल्या मैदानात पळतो. पंप त्याच्या ट्रॅकपँटच्या खिशात, दुसरा माझ्याकडे. फक्त आंघोळीला वेळ उरत नाही, त्यामुळे पहिल्या लेक्चरला आमच्या बाकावर तिसरं कोणी बसत नाही.