मोजणी कुठून सुरू करायची?

परीक्षा, निकाल आणि अध्यापन : एक चिंतन

आमच्या विद्यालयाच्या कार्यालयात पाऊल टाकताच समोरच्या भिंतीवर एक फलक दिसतो. डावीकडे वर्षे, उजवीकडे दहावीच्या निकालाची टक्केवारी. काही वर्षांपुढे '१००' हा आकडा लाल रंगात रंगवलेला आहे. पाहुणे तो फलक थांबून वाचतात. प्रवेशासाठी आलेले पालक त्याकडे बोट दाखवून मुलाच्या कानात काही सांगतात. या फलकामागे पहाटेच्या अभ्यासिका आहेत, कंदिलाच्या उजेडात घेतलेले जादा तास आहेत आणि अनेक सहकाऱ्यांचे आयुष्य आहे. त्याचा अभिमान आम्हांला आहेच. परंतु इतिहास शिकवणाऱ्याला एक खोड असते. आकडा समोर आला की तो कोणी मोजला, कशासाठी मोजला आणि मोजणी कुठून सुरू केली, हे विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. या गौरवाच्या प्रसंगी हाच प्रश्न आम्ही आमच्या फलकाला विचारू इच्छितो.

निकालावर पैसा

शाळेचे मोल निकालावरून ठरवण्याची पद्धत आजची नव्हे. १८६२ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने प्राथमिक शाळांच्या अनुदानाची सुधारित संहिता लागू झाली. मुलाच्या हजेरीबद्दल शाळेला चार शिलिंग आणि तपासनिसाने घेतलेल्या परीक्षेबद्दल जास्तीत जास्त आठ शिलिंग मिळत. वाचन, लेखन आणि अंकगणित या तीन विषयांत ते आठ शिलिंग वाटलेले होते. मूल एका विषयात नापास झाले की शाळेचे दोन शिलिंग आठ पेन्स बुडत. सरकारी पैशाचा हिशेब चोख राहावा, हा त्यामागचा हेतू होता.

परिणाम मात्र वेगळा झाला. ज्याची परीक्षा होणार तेवढेच शिकवले जाऊ लागले. नेमलेले वाचनपुस्तक इतके घोकवले जाई की पुढ्यात पुस्तक नसले तरी मूल ते 'वाचून' दाखवी. प्रसिद्ध कवी व समीक्षक मॅथ्यू अर्नोल्ड पस्तीस वर्षे शाळा तपासनीस होते. खरे वाचन न येताही मुलाला वाचनाच्या परीक्षेत उत्तीर्ण करता येते, हे त्यांनी सरकारी अहवालांतूनच दाखवून दिले. पुढे मुख्य तपासनीस झालेले एडमंड होम्स यांनीही निवृत्तीनंतर, १९११ साली, या पद्धतीवर सडेतोड पुस्तक लिहिले. मुलाला आज्ञाधारक यंत्र बनवणारी ही शिक्षणपद्धती आपणच आयुष्यभर राबवली, याची बोच त्यात आहे. याच होम्स यांनी १९०८ साली बुद्धाच्या शिकवणुकीवर ग्रंथ लिहिला होता, हे आपल्या वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते.

मुंबई इलाख्यातही खाजगी शाळांना अनुदान देताना ही निकालाची फूटपट्टी आली. तिच्याविरुद्ध आपल्याकडून जो आवाज उठला, तो महात्मा जोतीराव फुले यांचा होता.

जोतीरावांची साक्ष

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी हंटर शिक्षण आयोगापुढे आपले निवेदन सादर केले. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यातील मागणी सर्वांना ठाऊक आहे. त्याच निवेदनातील दुसरे एक म्हणणे फारसे सांगितले जात नाही. निकालावर पैसे देण्याची पद्धत गरीब आणि अशिक्षित लोकांत शिक्षणप्रसार करण्यास मुळीच योग्य नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. या लोकांत शिक्षणाची गोडी अजून निर्माण व्हायची आहे. निकालावरच पोट अवलंबून असेल तर त्यांच्यात शाळा काढायला कोणता शिक्षक धजेल? त्याचा चरितार्थच चालणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणून अशा वस्त्यांत सरकारनेच शाळा चालवाव्यात आणि मुलांना खास उत्तेजन द्यावे, असे त्यांनी सुचवले.

स्वतः शाळा चालवलेल्या माणसाचे हे बोलणे आहे. ज्या घरात पूर्वीच अक्षर आहे तेथील मूल थोडक्या श्रमात उत्तीर्ण होते. ज्या घरात पहिले अक्षर शाळेतूनच जाणार, तेथे शिक्षकाचे श्रम दसपट लागतात आणि निकाल उशिरा लागतो. दोघांना एकच फूटपट्टी लावली की शिक्षकाच्या दृष्टीने पहिले मूल लाभाचे ठरते आणि दुसरे तोट्याचे. आयोगाने तरीही प्राथमिक शाळांच्या अनुदानासाठी निकालाचा आधार बहुतांशी मान्य केला आणि मागास भागांपुरता अपवाद ठेवला. विसाव्या शतकाच्या आरंभी ती पद्धत मागे पडली. अनुदानाच्या नियमांतून ती गेली खरी, पण शाळांच्या मनातून गेली का, हा प्रश्न उरतो.

शंभरातले ब्याऐंशी

१२ मार्च १९२७ रोजी, म्हणजे महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्याच्या आठच दिवस आधी, बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलत होते. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी अवघी अठरा चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात, हे त्यांनी सभागृहापुढे मांडले.

या मांडणीत त्यांची दृष्टी दिसते. चौथीतील अठरांपैकी किती उत्तीर्ण झाले, ही मोजणी शिक्षणखाते करीतच होते. बाबासाहेबांनी मोजणी दारापासून सुरू केली. आत किती आले आणि शेवटी किती उरले, हे विचारले. परीक्षेला बसलेल्यांची टक्केवारी कितीही चांगली असली तरी तिच्यात ते ब्याऐंशी कुठेच नसतात.

आजचे आकडे, आजचे तास

निकालाचा आकडा शिकण्याबद्दल किती सांगतो, याचे उदाहरण फार दूर नाही. महाराष्ट्राचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ साली भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांतील शाळांनी द्यावयाचे अंतर्गत गुण काढून टाकले. निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ते गुण परत दिल्यावर २०२० साली, भूगोलाचा पेपर महामारीमुळे रद्द झाला असताना, तो ९५.३० टक्के झाला. २०२१ साली परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. चार वर्षांत मुलांची बुद्धी किंवा शिक्षकांची निष्ठा एवढी खालीवर झाली असे कोणी म्हणणार नाही. मोजण्याची रीत बदलली, म्हणून आकडा बदलला.

आकडा असा हलता असला तरी वर्गावरची त्याची पकड मात्र पक्की आहे. आम्ही आमच्याच विषयाचे सांगतो. महाडचा सत्याग्रह शिकवताना एक काळ असा होता की आम्ही दोन-दोन तास घालवत असू. आपल्या गावात पाणवठे किती, कोणाचा कोणता, आजीला पाणी कोण वाढत असे, हे मुलांना घरी विचारून यायला सांगत असू. पुढे सराव चाचण्या वाढल्या आणि अपेक्षित प्रश्नसंच आले. त्याच धड्याची एका गुणाची रिकामी जागा झाली : 'चवदार तळ्याचा सत्याग्रह ____ येथे झाला.' मुले 'महाड' लिहितात, पूर्ण गुण घेतात. सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्यासाठी माणसाला सत्याग्रह का करावा लागला, हे विचारणारे मूल वर्गात विरळ झाले. दोष मुलांचा नव्हे. जे विचारले जाणार नाही त्यावर वेळ घालवू नये, हे आम्हीच त्यांना शिकवले.

याचा अर्थ परीक्षाच नकोत, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आपल्या समाजाला लेखी परीक्षेने फार मोठे दार उघडून दिले. उत्तरपत्रिकेवर आसनक्रमांक असतो, आडनाव नसते. ज्या काळी शिक्षकाच्या मर्जीवर मुलाचे भवितव्य ठरे, त्या काळी या अनोळखीपणानेच आपल्या मुलांना न्याय दिला. शिष्यवृत्ती परीक्षेने कितीतरी घरांत पहिला पदवीधर निर्माण केला. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यानुसार २०१० पासून आठवीपर्यंत नापास करणे थांबले आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्या वेळीही अनेक शाळांनी मूल्यमापन केले ते कागदावरच, आणि वाचता न येणारे मूल नववीत आल्यावरच आमच्या ध्यानात आले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आता पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली आहे. मुलाला कुठे अडते, हे वेळीच कळावे यासाठी परीक्षा हवीच. तिचे उत्तर मुलाच्या कामी यायला हवे, एवढेच आमचे म्हणणे आहे. ते शाळेच्या शोभेसाठी वापरले जाऊ लागले की काय होते, हे आम्ही स्वतः करून पाहिले आहे.

सतरा नंबरचा फॉर्म

फलकावरील लाल रंगातल्या एका वर्षाची ही गोष्ट. त्या वर्षी नववीत एक मुलगा होता. आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जात. म्हणूनच त्याला वसतिगृहात ठेवले होते. वंदनेला तो सर्वांत आधी हजर असे, पंप बिघडला तर दुरुस्त करी, लहान मुलांना निजवी. गणित आणि इंग्रजी मात्र त्याला जमत नव्हते. त्याआधीच्या वर्षी आमचा निकाल थोडक्यात शंभरावरून हुकला होता. शिक्षकांच्या बैठकीत त्याचे नाव निघाले. 'सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगू,' असे कोणी म्हणाले आणि आम्ही कोणीच नको म्हटले नाही. सतरा नंबर म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षा. त्याचा निकाल शाळेच्या निकालात धरला जात नाही.

आई आली. आम्ही तिला समजावले. ती म्हणाली, "सर, तुमी लेकराचं भलंच सांगताल." दाखला तयार होता. शाळा सोडण्याच्या कारणापुढे आम्ही लिहिले : 'पालकांच्या विनंतीवरून.' विनंती आमची होती.

फॉर्म भरण्यासाठी शाळेचा दाखला निघतो, तेव्हा निवासी शाळेत त्या दाखल्याबरोबर कॉटही जाते, दोन वेळचे जेवण जाते आणि अभ्यासाची जागा जाते. हे आम्हांला कळत नव्हते असे नाही. त्या हंगामात तो आईवडिलांबरोबर ऊस तोडायला गेला. दहावीची परीक्षा त्याने दिली की नाही, हे आम्ही विचारलेही नाही. आमचा निकाल शंभर टक्के लागला. मुलांना पेढे वाटले.

चूळपंथकाचे वस्त्र

धम्मपदाच्या अट्ठकथेत चूळपंथक नावाच्या भिक्खूची कथा येते. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना. महापंथक हा त्याचा थोरला भाऊ. त्याने धाकट्याला विहारातून निघून जायला सांगितले. पहाटे दाराशी भगवंतांनी त्याला पाहिले, परत आत नेले आणि एक स्वच्छ वस्त्र हाती देऊन ते हाताने चोळत राहायला सांगितले. हाताच्या स्पर्शाने वस्त्र मळत गेले, तसतशी त्याला अनित्यता उमगत गेली. कथेतील चमत्कार आम्ही बाजूला ठेवतो. शिक्षकासाठी त्यात दोन गोष्टी उरतात. पाठांतर जमत नव्हते म्हणून बुद्धांनी शिष्य बदलला नाही, धडा बदलला. आणि हाकलणारा महापंथक दुष्ट नव्हता. तो विद्वान होता, जबाबदार होता, संघाचे बरेच पाहत होता. त्या बैठकीत आम्ही सारे महापंथक होतो.

दुसरा फलक

केवळ खंत मांडून लेख संपवणे योग्य नव्हे. शिक्षकांच्या सभेपुढे आणि संस्थेपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवल्या आहेत. पहिली, निकालाच्या फलकाशेजारी तेवढ्याच आकाराचा दुसरा फलक लावावा. पाचवीत किती मुले आली, त्यांतील किती दहावीला बसली आणि मध्येच गेलेली कुठे गेली, हे त्यावर दरवर्षी लिहावे. दुसरी, मुलाला कुठे अडते हे पाहणारी चाचणी वर्षाच्या आरंभी घ्यावी. तिचे गुण फलकावर जाऊ नयेत, तिच्यावरून पुढच्या तासाची आखणी व्हावी. तिसरी, आमच्याकडून यापुढे एकाही मुलाचा सतरा नंबरचा फॉर्म भरला जाऊ नये. निकाल त्यामुळे नव्वद टक्के लागला तर तो नव्वद लिहावा. पालकांनीही प्रवेश घेताना आम्हांला टक्केवारीच्या आधी हे विचारावे : आमच्या मुलासारखी किती मुले तुमच्याकडे शेवटपर्यंत टिकली?

या स्मरणिकेच्या अखेरच्या पानांवर माजी विद्यार्थ्यांची यादी आहे. ती दहावी उत्तीर्ण झालेल्यांच्या नोंदवहीवरून तयार केली आहे. म्हणून ती अपुरी आहे. जो इथे जेवला, निजला, वंदनेला बसला आणि शिकला, तो माजी विद्यार्थी. माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की आपल्या वर्गातून मध्येच गेलेल्या मित्रांची नावे आठवून कार्यालयाला कळवावीत आणि मेळाव्याला येताना त्यांना बरोबर आणावे. त्या मुलाचा शोध आम्ही सुरू केला आहे. तो आला तर जनरल रजिस्टर उघडून त्याच्या नावापुढे लिहिलेले कारण आम्ही त्याच्यासमोर वाचून दाखवू, आणि ते खोटे होते हे सर्वांदेखत सांगू.