जळके तेल कोणाच्या गाडीत जाते?

गुटख्याचा टेम्पो पकडला की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि मालाबरोबर गाडीही जप्त होते, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण हॉटेलातले तळून तळून काळे पडलेले तेल नेणारी गाडी कोणी अडवावी, असे कोणाच्या मनात येत नाही. अमेरिकेत मात्र ती अडवतात. तेथे हॉटेलामागच्या पिंपांतून जळके तेल रातोरात चोरीला जाते, कारण त्यापासून बायोडिझेल बनते आणि त्याला चांगला भाव येतो. कॅलिफोर्निया राज्याने २०१४ साली याबाबतचा कायदा कडक केला. नोंदणी नसताना असे तेल वाहून नेणारी गाडी तेथे पोलीस ताब्यात घेऊ शकतात.

डॉक्टरला या जप्तीशी काय घेणे, असे कोणी म्हणेल. ज्या टाकाऊ मालाला भाव असतो तो फेकला जात नाही, कोणाच्या तरी हाती जातो. इंधन बनवणाऱ्याच्या हाती गेला तर उत्तमच. पण तोच माल फिरून कढईत आला, तर त्याचा त्रास खाणाऱ्याला होतो. चीनमध्ये असे घडले आहे. गटारातून आणि हॉटेलांच्या खरकट्यातून गोळा केलेले तेल साफ करून पुन्हा खाण्यासाठी विकणारी टोळी तेथील पोलिसांनी २०११ साली पकडली.

साफ केलेले तेल दिसायला चांगले दिसते आणि खरा धोका तेथेच आहे. गाळून, मुलतानी मातीसारख्या मातीतून काढून तेलाचा रंग आणि वास बराच उडवता येतो. पण तापवताना तेलात जे बदल झाले, ते सगळे त्याने निघून जात नाहीत. तळताना पदार्थातले पाणी, हवेतला प्राणवायू आणि उष्णता असे तिघे मिळून तेल फोडतात. तुटलेले तुकडे एकमेकांना चिकटून तेल दाट होते. या बिघडलेल्या भागाला शास्त्रात ‘पोलर घटक’ म्हणतात. तेल किती खराब झाले, हे त्यावरून मोजतात. असे तेल लवकर धूर सोडते. त्या धुरातले अ‍ॅक्रोलिन डोळ्यांना आणि घशाला झोंबते. भज्यांच्या गाड्याजवळ उभे राहून ज्यांना ठसका लागतो, त्यांना हे वेगळे सांगायला नको. जळजळ, मळमळ, आंबट ढेकर या तक्रारी लगेच दिसतात. वारंवार तापवलेल्या तेलाचा संबंध रक्तदाब आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराशीही जोडला जातो. तो एका दिवसाच्या भज्यांचा नव्हे, वर्षानुवर्षांच्या सवयीचा प्रश्न आहे.

आपल्या मराठवाड्यात पूर्वी घरोघरी करडईचे तेल असे. फोडणीला ते उत्तम, पण पुन्हा पुन्हा कडकडीत तापवले की लवकर बिघडते. हॉटेलवाले पामतेल वापरतात ते स्वस्त म्हणून, आणि ते उष्णतेला जास्त टिकते म्हणूनही. जास्त टिकते याचा अर्थ आठवडाभर तेच चालते असा मात्र नाही.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलात पोलर घटक २५ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नयेत, असे बंधन आहे. मार्च २०१९ पासून, रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल लागणाऱ्या व्यावसायिकाने किती तेल आणले, किती टाकले आणि कोणाला दिले याची नोंद ठेवायची आहे. उरलेले तेल मान्यताप्राप्त गोळा करणाऱ्यालाच द्यायचे आहे. सरकारी तेल कंपन्यांनी ऑगस्ट २०१९ मध्ये शंभर शहरांसाठी अशा तेलापासून बनलेले बायोडिझेल घेण्याची योजना जाहीर केली.

अडचण लहान गाड्यांची आहे. एस.टी. स्टँडबाहेरचा वडेवाला, महाशिवरात्रीला परळीच्या यात्रेत जिलेबी तळणारा, यांना दिवसाला ५० लिटर तेल लागत नाही. म्हणून नोंदवहीचे बंधन त्यांना लागत नाही. २५ टक्क्यांची मर्यादा मात्र त्यांनाही आहे. मोठ्या हॉटेलाच्या मागच्या दाराने स्वस्तात डबा मिळाला, तर तो घेण्याचा मोह अशा गरीब माणसालाच होणार. त्याच्यावर राग धरण्यापेक्षा मागच्या दाराशी उभ्या टेम्पोकडे पाहावे. कोण नेतो, कागद आहे का, पावती देतो का, हे हॉटेलमालकाने विचारलेच पाहिजे. जास्त पैसे देतो आणि पावती देत नाही, त्याला तेल देऊ नये. शंका आली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

गिऱ्हाइकाने कढईकडे एकदा पाहावे. तेल काळपट, चिकट, कडेला फेस धरणारे असेल, मंद आचेवरही धूर निघत असेल, तर तेथून पुढे चालावे. घरी सणावाराला पुऱ्या-करंज्या तळून उरलेले तेल गार झाल्यावर गाळून घ्यावे आणि दोन-तीन दिवसांत भाजीच्या फोडणीत संपवावे. त्यात नवे तेल ओतून पुन्हा तळण काढू नये. जे टाकायचेच आहे ते मोरीत ओतू नका, नळी तुंबते. जुन्या कागदात किंवा भुशात टिपून कचऱ्यात द्या. आणि दारावर जळके तेल विकत घ्यायला कोणी अनोळखी आला, तर त्याला ते कुठे जाणार हे आधी विचारा.