मूल शाळेत का येत नाही? एक अभ्यासपाठ



गरिबांच्या मुलांच्या शिक्षणासाठी साहाय्य करा, असे कोणी म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे पाटी, पुस्तक, गणवेश व फी ह्याच वस्तू प्रथम उभ्या राहतात. त्या आवश्यक आहेत, ह्यात शंका नाही. तथापि पाटी मिळाली, पुस्तक मिळाले, आणि तरीही मूल शाळेत आले नाही, असे अनेक ठिकाणी घडले आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीचे शिक्षण देणारा कायदा आपल्या देशात १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. कायद्याने शाळेचे दार उघडले. परंतु त्या दारापर्यंत चालत येण्यास बालकास कोणती अडचण आहे, हे कायद्यास घरोघर जाऊन विचारता येत नाही. ते काम लहानशा संस्थेस करता येते. ठाणे जिल्ह्यातील तीन उदाहरणांवरून हा विषय आपण समजून घेऊ.

पहिले उदाहरण : बोर्डी व कोसबाड

ताराबाई मोडक ह्या बालशिक्षणाच्या कार्यात मुरलेल्या बाई होत्या. १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघाच्या त्या आधारस्तंभ होत्या, व १९३६ साली त्यांनी दादर येथे शिशुविहार काढला. एवढे नाव झाल्यावर त्यांनी शहरात स्वस्थ राहावे, असे कोणासही वाटले असते. परंतु पन्नाशी उलटल्यावर, १९४५ साली, त्यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. त्या बालपणीच विधवा झालेल्या होत्या, व शिक्षण त्यांनी मोठ्या कष्टाने मिळविले होते. डहाणू तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ सालापासून तो पालघर जिल्ह्यात मोडतो.

मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ह्या बाईंनी मुलांस किंवा आईबापांस दोष दिला नाही. त्या स्वतःच वस्तीत जाऊन अंगणात बसल्या. मुलांस नाहू घालावे, नखे कापावी, केस विंचरावे, गाणी म्हणावी, गोष्टी सांगाव्या, असा क्रम सुरू झाला. अंगणात भरणारी म्हणून तिला अंगणवाडी हे नाव पडले. शहरातील शाळांतून वापरतात ती महाग साधने परवडण्याजोगी नव्हती. म्हणून शंख, शिंपले, खडे, बिया व पाने ह्यांवरच मोजणे व ओळखणे शिकविले जाई. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने बालविकासाची जी देशव्यापी योजना सुरू केली, तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेच नाव मिळाले. लहान संस्थेचे काम किती दूरवर पोहोचू शकते, हे ह्यावरून दिसते.

पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारली लोकांची वस्ती होती, आणि तेथील अडचण निराळी होती. थोरली मुलगी शाळेत येत नसे, कारण आई मजुरीस गेली म्हणजे धाकट्या भावंडास तीच सांभाळी. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा ही एकाच आवारात आणली, आणि त्या योजनेस विकासवाडी असे नाव दिले. भावंड पाळणाघरात राही, ताई वर्गात बसे. मुलगे गुरे राखावयास जात; तेव्हा शिक्षकच कुरणात गेले, व तेथे कुरणशाळा भरू लागली. ज्यांस दिवसा काम सुटत नसे, त्यांच्यासाठी रात्रीची शाळा होती. प्रत्येक वेळी अडचण कोणती, हे प्रथम शोधले, व मग तीच दूर केली, हे येथे ध्यानात ठेवावे.

दुसरे उदाहरण : वीटभट्टी

पावसाळा संपला म्हणजे जव्हार, मोखाडा ह्या डोंगरी भागांतील कित्येक कुटुंबे मालकाकडून उचल घेऊन कल्याण, भिवंडी व वसईकडील वीटभट्ट्यांवर जातात, व पुढल्या पावसापूर्वी परततात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. कुटुंब मात्र वर्ष अर्धे सरण्यापूर्वीच गाव सोडते. मुलाचे नाव गावच्या हजेरीपटावर राहते, आणि मूल विटा उलटीत असते. विधायक संसद ह्या संस्थेने ही अडचण ओळखून भट्ट्यांवरच वर्ग चालविले. मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीस भोंगा म्हणतात. त्यावरून ह्या वर्गांस भोंगाशाळा हे नाव मिळाले. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी सरकारनेही हंगामी वसतिगृहे व शिक्षण हमी पत्रक ह्यांची योजना केली. परंतु पत्रक आईच्या हाती वेळेवर पडले की नाही, हे पाहणारे कोणी गावात नसेल, तर योजना कागदावरच राहते.

तिसरे उदाहरण : तीन हात नाका

ठाणे शहरातील तीन हात नाका येथे उड्डाणपुलाखाली काही पारधी कुटुंबे राहत असत. दुष्काळी भागातून ती पोटासाठी येथे आली होती. त्यांची मुले सिग्नलवर गाड्या थांबल्या म्हणजे गजरे व खेळणी विकीत. महानगरपालिकेच्या शाळा शहरात होत्या. परंतु ज्या बालकाचे घर रस्ता आणि ज्याची कमाई रस्त्यावर, त्यास त्या शाळा दूरच होत्या. २०१६ साली समर्थ भारत व्यासपीठ ह्या संस्थेने महानगरपालिकेच्या साहाय्याने त्याच पुलाखाली शाळा उघडली. लोखंडी कंटेनरांतून वर्ग झाले, व लोक तिला सिग्नल शाळा म्हणू लागले. तेथे धड्याच्या आधी स्नान, स्वच्छ कपडे व खाणे ह्यांची व्यवस्था करावी लागली. पुढे ह्या शाळेतील मुले दहावीची परीक्षाही उत्तीर्ण झाली.

येथे एक कठीण गोष्ट लपवू नये. मूल वर्गात बसले म्हणजे गजरे विकून मिळणारे त्याचे पैसे बंद होतात, आणि तो तोटा आईबापांस त्याच संध्याकाळी सोसावा लागतो. विद्येचा लाभ मात्र दहा वर्षांनी दिसतो. “ह्या लोकांस शिक्षणाची किंमत नाही,” असे म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा स्वतः मांडून पाहावा.

ह्यावरून आपण काय शिकावे?

दाता शेजारचा असो वा परदेशीचा, नियम एकच. १९७८ साली अमेरिकेतील मराठी लोकांनी महाराष्ट्र फाउंडेशन स्थापिले, ते मायदेशातील संस्थांस साहाय्य करावे म्हणूनच. परंतु दुरून आलेला पैसा मुलाचे घर ओळखीत नाही. ते ओळखणारे माणूस वस्तीत असावे लागते. म्हणून दात्याने ‘किती वह्या वाटल्या?’ एवढेच न विचारता, ‘जूनमध्ये आलेली किती मुले मार्चमध्येही वर्गात होती?’ असे विचारावे. कार्यकर्त्यानेही वाटपाची यादी करण्यापूर्वी घरी जाऊन बसावे व ऐकावे. एका वर्षाच्या उत्साहापेक्षा दहा वर्षांचे सातत्य अधिक मोलाचे आहे. ताराबाई व अनुताई त्या टेकडीवर पाहुण्या म्हणून गेल्या नाहीत. त्यांनी आयुष्य तेथे घातले.

मंडळीत विचार करण्यासाठी प्रश्न

१. आपल्या गावात वा पाड्यात शाळेबाहेर असलेली मुले कोणती? त्यांची घरे आपणांस ठाऊक आहेत काय?
२. त्यांपैकी प्रत्येकास कोणती अडचण आहे : धाकटे भावंड, गुरे, स्थलांतर, भूक की लाज?
३. पैशावाचून दूर होण्यासारखी अडचण कोणती? दुपारी दोन तास लहान मुले सांभाळणारी एखादी आजी, किंवा संध्याकाळी अभ्यासास ओटी व दिवा देणारे घर आपल्यात आहे काय?
४. कामासाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांस मुलाचे शिक्षण हमी पत्रक मिळाले की नाही, हे निघण्यापूर्वी कोण पाहील?

पुढील सभेपूर्वी प्रत्येकाने निदान एका घरी जाऊन यावे. रिकाम्या हाताने गेलात तरी चालेल. परंतु मूल का येत नाही, हे त्याच्या आईच्या तोंडून ऐकल्यावाचून परतू नये.